बर्फ झोपतो तेव्हा

"अकरा वाजता बाहुल्यांचा खेळ, बारा वाजता पुस्तकांचे स्टॉल, एक वाजता जेवण आणि तीन वाजता बर्फ!" टाचणीने वहीतलं वेळापत्रक चौथ्यांदा वाचून दाखवलं. "पाचला बँड, सहाला कंदिलांची मिरवणूक. यात एका मिनिटाचाही फरक चालणार नाही!"

"आणि मध्येच भूक लागली तर?" भोंग्याने विचारलं.

"भूक एक वाजता लागेल. वहीत तसं लिहिलंय."

टाचणी बारा वर्षांची. अंगाने बारीक, पण जिथे जाईल तिथे टोचणारी. हिवाळ्याच्या सुट्टीत ती मामाकडे आली होती. मामाचं गाव म्हणजे एक भलंमोठं शहर, आणि त्या शहराच्या मोठ्या मैदानावर दर हिवाळ्यात तीन आठवडे महोत्सव भरायचा. भोंगा हा मामाचा मुलगा. तो कानात कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीतली माणसं "काय झालं?" म्हणून खिडक्या उघडायची. तिसरी होती टाचणीची सात वर्षांची धाकटी बहीण. ती सतत मागे मागे, म्हणून तिचं नाव शेपूट. सध्या शेपटीच्या खांद्यांवर निळ्या पातळ प्लॅस्टिकचा एक लांबलचक शेला होता. महोत्सवातल्या कचऱ्याच्या ढिगात तो तिला सापडला होता आणि चालताना तो चर्र चर्र वाजायचा. झोपतानासुद्धा ती तो काढायला तयार नव्हती.

बाहुल्या झाल्या, पुस्तकं झाली, जेवणही झालं. तिनाच्या ठोक्याला तिघं बर्फाच्या मैदानापाशी पोहोचली आणि जागच्या जागी थांबली.

पात्याचे बूट घालून घसरायचं हे मैदान यंत्राने गोठवलेलं, आणि ते सांभाळायचं काम मामाचं. मैदानाला लाल दोरी बांधलेली होती. आत एका कोपऱ्यात मामा गुडघ्यांवर बसला होता. त्याच्यासमोर बर्फात परातीएवढा खळगा पडला होता आणि खळग्यात पाणी साचलं होतं.

"चार दिवसांत तिसरा खळगा!" महोत्सवाचे व्यवस्थापक कडाडले. लांब कोट, लाल मफलर, लोकरीची टोपी, अशा थाटात ते कठड्याबाहेर उभे होते. "परवा एक पोरगी इथेच आपटली. बुधवारी मुलांची शर्यत आहे. कुणाचा पाय मोडला तर लोक मला धरतील, तुम्हाला नाही!"

"साहेब, यंत्र ठीक आहे, नळ्या ठीक आहेत. मी सगळं तपासलं," मामा म्हणाला.

"मग बर्फाला काय ताप आला? ते काही नाही. उद्या पुन्हा खळगा दिसला तर मंगळवारी तीन वाजता सुतार येईल आणि यावर फळ्या ठोकेल. वर स्टॉल लावू. तुम्ही घरी जा. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू."

मामाने आपली काठी उचलली आणि खळग्याच्या कडेला हलकेच ठोकली. 'थप्' असा आवाज आला. चांगला बर्फ 'टण्' वाजतो, हे टाचणीला माहीत होतं. बावीस वर्षं मामा त्या काठीने बर्फाची नाडी बघत आला होता. काठीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही.

टाचणीने वही मिटली. वेळापत्रक गेलं खड्ड्यात!

"हे कुणी केलं ते आपण शोधायचं," ती म्हणाली. "उद्याच."

"हळू बोल ना!" भोंगा इतक्या मोठ्याने ओरडला की साहेबांनी वळून पाहिलं.

रात्रीच्या जेवणाला मामाने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "माझंच काहीतरी चुकत असणार," तो मामीला म्हणाला. "आता हातात ती नजर राहिली नाही बहुतेक."

"हातात नजर कधीच नसते, ती डोळ्यांत असते," मामी म्हणाली, पण तिलाही हसू आलं नाही.

टाचणीला ते ऐकवेना. ती उठली, दोघांना घेऊन माडीवर गेली आणि वहीत लिहू लागली. "सोमवारी महोत्सव सुरू झाला. सोमवार, मंगळवार, बुधवार, खळगा नाही. गुरुवारी खळगा. शुक्रवारी खळगा. शनिवारी नाही. रविवारी खळगा. शनिवारी वेगळं काय होतं?"

"सूपवाले काका आले नव्हते!" भोंगा उडालाच. "मला सूप मिळालं नव्हतं, पक्कं आठवतंय! त्यांची शेगडी कठड्याला लागून आहे. उरलेलं कढत पाणी तेच ओतत असणार बर्फावर!"

"शनिवारी माझी सावली पण आली नव्हती," शेपूट म्हणाली. ती रोज स्वतःच्या सावलीवर उड्या मारायचा खेळ खेळायची.

"गप गं! सावलीला काय सुट्टी असते?" भोंगा म्हणाला, आणि दोघं खोखो हसली. शेपूट फुरंगटून शेल्यात शिरली.

सोमवारी सकाळी तिघं सूपवाल्या काकांसमोर जाऊन उभी राहिली. टाचणीने आडवळण घेतलंच नाही. "काका, तुम्ही कढत पाणी कुठे टाकता?"

"टाकतो? पाणी?" काकांनी कंबरेवर हात ठेवले. "दोनशे वाट्या घासायच्या असतात मला! कढत पाण्याचा एक थेंब वाया घालवत नाही मी. तो बघ पिंप."

"मग शनिवारी तुम्ही का नव्हता?"

काकांनी आ वासला आणि बोटाने गाल ताणला. आत दाढेच्या जागी लालभडक पोकळी होती.

"पुरे, पुरे!" भोंगा दोन पावलं मागे सरकला.

"म्हणजे मामांच्या बर्फाचा संशय माझ्यावर?" काकांचा चेहरा पडला. "अरे, शेजारी आहोत आम्ही. रोज संध्याकाळी पहिली वाटी त्यांना देतो मी."

टाचणीचे कान लाल झाले. "चुकलं, काका," ती खाली बघत म्हणाली. "खरंच चुकलं."

"असू दे. मामासाठीच धडपडताय ना? सापडला चोर की मला सांगा. माझा हा डाव आहेच!" काकांनी आपला भलामोठा, आरशासारखा घासलेला डाव हवेत फिरवला. डावाच्या खोलगट पोटातून उन्हाचा ठिपका निघाला आणि भोंग्याच्या नाकावरून सरकत गेला. तेव्हा त्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

पहिलाच तपास असा तोंडघशी पडला. भोंगा म्हणाला, "आता काय? गेलं सगळं."

"गेलं कसं? खळगा सकाळी नसतो, तिनाला असतो. मधे काय होतं?"

"एक वाजेपर्यंत लोक खेळतात. मग बाबा पाण्याचा पातळ थर देतात. दोन ते तीन बर्फाची झोप."

हा मामाचा बावीस वर्षांचा नियम होता. दुपारी दोन ते तीन बर्फ झोपतो. नवा थर धरायला एक तास लागतो, आणि त्या तासात आत पाय नको, कठड्याला हात नको, जवळपास वटवट नको. दोरी वीस पावलं लांब बांधली जायची. पहारेकरी जेवायला जायचा आणि मामा स्वतः खाली यंत्राच्या खोलीत काट्यांवर नजर ठेवून बसायचा.

"म्हणजे त्या तासात बर्फाकडे कुणीच बघत नाही!" टाचणी म्हणाली. "बावीस वर्षांत कुणीच बघितलेलं नाही!"

"टाचणे, बाबांनी पाहिलं तर माझी धडगत नाही."

"मामा घरी बसला तर चालेल?"

भोंग्याने खिशातून किल्ली काढली. कठड्यापासून चार पावलांवर बुटांची खोली होती. पात्याचे बूट भाड्याने द्यायची ती जागा. रोज सकाळी बूट लावायचं काम भोंग्याकडे असल्याने किल्ली त्याच्याजवळच असायची.

दोनला पाच मिनिटं असताना तिघं आत शिरली. ओल्या कातड्याचा आणि मोज्यांचा वास नाकात भरला. खिडकीच्या फटीतून समोर अख्खं मैदान दिसत होतं, पांढरंशुभ्र आणि रिकामं. ऊन स्वच्छ पडलं होतं, पण थंडी अशी की श्वासाची वाफ दिसावी. दोन वाजले. दोन वाजून पाच मिनिटं झाली. एक कबूतर आलं, कंटाळलं आणि गेलं.

"कबूतराने केलं असेल का?" भोंगा कुजबुजला, आणि शेल्फावरचे बूट थरथरले.

"शूऽऽ!"

दोन वाजून दहा मिनिटांनी शेपटीने बोट दाखवलं. "ताई, ते काय? दुसरा सूर्य!"

कठड्याबाहेरच्या रबरी चटईवर उजेडाचा एक पट्टा पडला होता. बघता बघता तो आकसत, दाट होत पुढे सरकला. कठड्याखालून तो बर्फावर चढला तेव्हा त्याचा ताटाएवढा लखलखीत गोळा झाला होता. टाचणी दार उघडून धावली, कठड्याशी आडवी झाली आणि गजांमधून तिने हात पुढे केला. हाताला चटका बसल्यासारखी ऊब लागली. तिच्या बोटांशेजारी बर्फ ओला होऊन चमकायला लागला होता.

"सापडला!" ती ओरडली, आणि उजेड कुठून येतोय ते बघायला वळली. तिचे डोळे दिपले. समोर बँडचा मंच होता. त्याची पाठभिंत म्हणजे शिंपल्याच्या आकाराचा, पुढे झुकलेला, चकचकीत पोलादी पत्रा. साहेबांची स्वतःची कल्पना!

"पण शिंपला तर पहिल्या दिवसापासून आहे," भोंगा म्हणाला. "खळगे गुरुवारपासून."

टाचणी विचार करत राहिली. मागे चर्र चर्र आवाज झाला. तिने हळूच मान वळवली आणि त्या निळ्या शेल्याकडे टक लावून पाहिलं.

"शेपटे, हे तुला नेमकं कुठे मिळालं?"

"शिंपल्याची साल आहे ती," शेपूट म्हणाली. "गुरुवारी सकाळी शिडीवरच्या काकांनी सोलली. आधी शिंपला निळा होता ना!"

"नवा पत्रा ओरखडू नये म्हणून वर चिकटवलेलं प्लॅस्टिक!" भोंग्याने कपाळावर हात मारला. "गुरुवारी पाहुणे येणार म्हणून साहेबांनीच काढायला लावलं!"

"आणि शनिवारी सावली आली नव्हती," टाचणी हळूच म्हणाली, "कारण शनिवारी दिवसभर ढग होते. ऊनच नव्हतं. शेपटे, तू आम्हाला कालच सांगितलं होतंस आणि आम्ही हसलो."

"मी सांगितलंच होतं," शेपूट म्हणाली आणि शेला सावरून राणीसारखी उभी राहिली.

तीन वाजता मामा वर आला. आधी त्याला खळगा दिसला, मग कठड्याला टेकलेली तिघं. त्याचा चेहरा असा झाला की भोंग्याची दातखीळ बसली.

"मामा, आम्ही नियम मोडला," टाचणी म्हणाली. "शिक्षा काय ती नंतर दे. आधी हात पुढे कर."

तिने काकांकडून आणलेला डाव उन्हात धरला आणि त्याच्या पोटातला ठिपका मामाच्या हातावर आणला. मामाने चटकन हात मागे घेतला. त्याने डावाकडे पाहिलं, शिंपल्याकडे पाहिलं आणि मग मटकन चटईवर बसला.

"अरेच्चा! मी रोज खाली काटे बघत बसलो, आणि वर घर उघडं ठेवलं चोराला!" त्याचे डोळे भरून आले, पण तो हसत होता. "म्हणजे माझ्या हातांचं काही चुकलं नव्हतं."

"नाही, मामा. अजिबात नाही."

मामा तडक साहेबांच्या कचेरीत गेला. मागून मुलं. साहेबांनी सगळं ऐकलं आणि टेबलावर थाप मारून हसले.

"एवढ्या थंडीत उजेडाने बर्फ वितळतो? नाचता येईना, अंगण वाकडं! स्वतःच्या बर्फाचं खापर माझ्या शिंपल्यावर फोडू नका. उद्या तीन वाजता सुतार येतोय."

"साहेब, उद्या दोन वाजता एकदा येऊन बघा," मामा काकुळतीने म्हणाला.

"दोन वाजता मी जेवतो. या आता!"

बाहेर आल्यावर मामाचे खांदे उतरले. टाचणीचे मात्र ताठ झाले. रडून बर्फ गोठत नाही, हे तिला कळत होतं. साहेब बघायला येणार नाहीत ना? ठीक आहे. मग ते कशासाठी येतील? तिने कचेरीच्या भिंतीकडे वळून पाहिलं. भिंतीवर साहेबांचे फोटो होते. साहेब फीत कापताना, साहेब भाषण करताना, साहेब शिंपल्यासमोर.

मंगळवारी सकाळी केस चापूनचोपून बसवून, वही छातीशी धरून टाचणी पुन्हा कचेरीत हजर झाली.

"सर, शाळेने सुट्टीचा अभ्यास दिलाय. शहरातल्या एका मोठ्या माणसाची मुलाखत. तुमच्याहून मोठं कोण आहे इथे?"

यात खोटं एवढंच होतं की शाळेने 'मोठा माणूस' म्हणताना पोस्टमनसुद्धा चालेल असं सांगितलं होतं.

"फोटो असेल?" साहेबांनी मफलर नीट केला.

"असेल ना! वेळ मात्र दोनची. त्या वेळी गर्दी नसते, फोटो छान येतो."

"जेवण मागे ढकलतो. पण फोटोत मागे माझा शिंपला दिसला पाहिजे, काय?"

"दिसणारच, सर," टाचणी म्हणाली. "शिंपल्याकडे पाठ करूनच बसवणार आहोत तुम्हाला."

दोन वाजता सूपवाल्या काकांची खुर्ची कठड्याबाहेरच्या रबरी चटईवर ठेवलेली होती, अगदी टाचणीने खडूने केलेल्या खुणेवर. खुर्चीच्या पाठीला भोंग्याने मामाचा तापमापक लटकवला होता. साहेब ऐटीत बसले. मामा यंत्राच्या खोलीच्या दारात श्वास रोखून उभा होता.

"सर, या शिंपल्याची कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

"छान प्रश्न! मी लहान होतो तेव्हापासूनच..." साहेब सुरू झाले. दोन वाजून दहा मिनिटांनी ते कॉलेजपर्यंत पोहोचले, आणि त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला.

"सर, थंडी फार आहे नाही का आज?" भोंग्याने विचारलं.

"आँ? हो. तर काय सांगत होतो..." त्यांनी टोपी काढली. मग कोटाची बटणं सोडली. मग कोटच काढला. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. स्वेटर डोक्यातून ओढताना त्यांचा आवाज आतूनच आला, "अरे, माझ्या पाठीमागे शेगडी कुणी ठेवलीय?"

"तुम्हीच ठेवलीत, सर!" टाचणी म्हणाली.

साहेबांनी स्वेटरमधून डोकं बाहेर काढलं आणि गर्रकन मागे वळले. पुढच्याच क्षणी त्यांना दोन्ही हातांनी डोळे झाकावे लागले. अख्खा शिंपला त्यांच्यावर पेटल्यासारखा लखलखत होता.

"शेपटे, आकडा वाच!"

"झाडाखाली सहा होता," शेपूट घसा साफ करून म्हणाली, "आणि साहेबांच्या पाठीशी एकेचाळीस!"

"आता पुढे बघा, सर. तो निघाला."

पट्टा खुर्चीवरून उतरला, कठड्याखालून सरकला आणि बर्फावर जाऊन बसला. सगळे बघत होते. साहेबही बघत होते, सदऱ्याच्या बाह्या सारून, तोंड उघडं टाकून. पाच मिनिटांत बर्फावरची पांढरी साय गेली. दहा मिनिटांत पाण्याचा पहिला थेंब हलला.

तेवढ्यात हातगाडीवर फळ्या रचून सुतार तिनाच्या आधीच आला. "साहेब, कुठून ठोकायला सुरुवात करू?"

साहेबांनी फळ्यांकडे पाहिलं, मग बर्फावरच्या पाण्याकडे.

"फळ्या राहू दे," ते शेवटी म्हणाले. "शिडी आहे का तुझ्याकडे? मंचाचा तो काळा पडदा आण आणि माझ्या शिंपल्यावर टाक. सगळा झाकला पाहिजे!"

"हा पण घ्या," शेपटीने खांद्यावरचा निळा शेला उतरवून पुढे केला. तिचा ओठ थरथरत होता. "मुळात त्याचीच साल आहे."

साहेब वाकले आणि त्यांनी शेला तिच्या खांद्यांवर परत घातला. "राहू दे, राणीसरकार. तो सोलायला मीच सांगितला होता." मग ते मामासमोर जाऊन उभे राहिले. "मी तुमचं ऐकायला हवं होतं. ऐकलं नाही, बघितलंही नाही. चुकलो."

"साहेब, बघायला तर मीही विसरलो होतो," मामा म्हणाला.

बुधवारची शर्यत झाली, आणि झोकात झाली. भोंगा दोनदा पडला, पण बर्फात खळगा होता म्हणून नव्हे. बक्षिसं वाटताना साहेबांनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदाचा महोत्सव ज्या तिघांनी वाचवला, ती मुलं माझ्याहून लहान आहेत, पण त्यांचे डोळे माझ्याहून मोठे आहेत." मामी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. सूपवाल्या काकांनी डाव भांड्यावर आपटून टाळ्यांना साथ दिली आणि तिघांना पहिल्या वाट्या दिल्या.

टाचणीला मात्र खरं बक्षीस गुरुवारी दुपारी मिळालं. दोरीवर जुनी पाटी लटकत होती, 'दोन ते तीन बर्फ झोपला आहे'. तिच्याखाली खडूने नवी ओळ लिहिलेली होती, 'पहाऱ्यावर : टाचणी'.

"नियम मोडल्याची शिक्षा नंतर दे म्हणाली होतीस ना?" मामा म्हणाला. "ही घे. सुट्टी संपेपर्यंत रोज एक तास इथे बसायचं. आणि तीन वाजता याची गरज पडेल." त्याने आपली काठी तिच्या हातात ठेवली आणि खाली काटे बघायला निघून गेला.

तासभर ती हलली नाही. काळ्या पडद्याआड शिंपला गपगार होता. तीन वाजता ती कोपऱ्यात गेली, वाकली आणि तिने काठीचं टोक बर्फावर हलकेच ठोकलं.

टण्!

"उठला रे उठलाऽऽ!" भोंगा ओरडला, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला बूट हातात घेऊन थांबलेली मुलं धावत सुटली.